स्थळप्रत हरवते तेव्हा: चिलटाचं उडणं आणि माणसाला ऐकू येणारे आवाज

नाशिकजवळ मोहाडीच्या बाजूला माझ्या मावशीची द्राक्षबाग आहे. फेब्रुवारीत काढणी सुरू झाली की शेडमध्ये क्रेटच्या थप्प्या लागतात. फुटक्या मण्यांची बादली कोपऱ्यात सरकवलेली असते आणि तिच्यावर चिलटं घोंघावत असतात. त्या बादलीपासून चार पावलांवर माझा मावसभाऊ काट्यावर बसतो. क्रेट चढवायचं, वजन बघायचं, पावती फाडायची. सोळा वर्षांपूर्वी याच शेडमध्ये हा मावसभाऊ, आमचा दादा, आजूबाजूला कुणी नसताना कुणाला तरी उत्तरं देऊ लागला होता. मान जरा डावीकडे कलती करायचा, ऐकायचा आणि मग हळूच म्हणायचा, "नाही, मी नाही केलं ते."

यंदा काढणीच्या ऐन धांदलीत नातेवाइकांच्या ग्रुपवर एक बातमी फिरली: स्किझोफ्रेनियावर सत्तर वर्षांत पहिल्यांदाच वेगळ्या प्रकारचं औषध. मावशीचा लगेच फोन. "अगं, हे आपल्या दादाला चालेल का?"

फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. मी डॉक्टर नाही, प्राणिशास्त्र शिकवते. पण हा आजार आमच्या घरात सोळा वर्षं आहे, आणि त्याच्याविषयी जे कळत गेलं त्यातलं बरंच मला माझ्याच विषयाच्या वाटेने कळलं. त्यामुळे औषधाकडे जाण्याआधी मी त्या बादलीवरच्या चिलटांकडे जाणार आहे. हे सगळं दादाला विचारून लिहितेय. "लिही, नाव नको," एवढंच म्हणाला.

आधी दोन-तीन शब्द

सायकोसिस हे एका आजाराचं नाव नाही. ती ताप येण्यासारखी अवस्था आहे. ताप मलेरियाने येतो, टायफॉइडने येतो, साध्या सर्दीनेही येतो. तसा सायकोसिस स्किझोफ्रेनियात होतो, बायपोलर आजारात होतो, गांजासारख्या नशेने होतो, कधी बाळंतपणानंतरच्या दिवसांत होतो, तर कधी मेंदूला सूज आल्यावर. म्हणूनच डॉक्टर आधी रक्त-लघवी तपासतात, नशापाण्याचं विचारतात.

त्याची दोन ठळक लक्षणं. भास म्हणजे जे नाही ते ऐकू येणं किंवा दिसणं. भ्रम म्हणजे कितीही समजावलं तरी न हलणारा चुकीचा समज: शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात, टीव्हीवरची बाई माझ्याविषयीच बोलते. या दोन्हींत माणूस खोटं बोलत नसतो. त्याला ते खरोखर ऐकू येतं, खरोखर पटलेलं असतं. आणि एक गैरसमज इथेच काढून टाकते. स्किझोफ्रेनिया म्हणजे 'एका शरीरात दोन माणसं' नव्हे. सिनेमांनी तो घोळ घालून ठेवलाय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साधारण ३४५ माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया असतो. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. तिच्यात दिसलं की सायकोसिसच्या दर चार रुग्णांमागे साधारण तिघांना उपचारच मिळत नाहीत. दादा दीड वर्ष त्या तिघांतला एक होता.

उलट्या डोक्याची माशी

आता चिलट. इथे चिलट म्हणजे ड्रोसोफिला, पिकलेल्या-आंबलेल्या फळांवर येणारं तांबड्या डोळ्यांचं ते इवलंसं. पेरू-आंब्याला अळी पाडणारी शेतकऱ्याची फळमाशी वेगळी. चिलट सेकंदाला सुमारे २०० वेळा पंख हलवतं. नीट बघितलंत तर ते गोल गोल वळत नाही. सरळ रेषेत उडतं आणि मग झटक्यात वळतं. काटकोनाइतकं वळण ते सेकंदाच्या विसाव्या भागात घेऊन मोकळं होतं.

यात एक अडचण आहे. चिलट वळलं की त्याच्या डोळ्यांसमोरचं सगळं जग उलट्या दिशेने सरकतं. एरवी जग असं सरकलं की माशीचा मेंदू समजतो, 'वाऱ्याने मला ढकललं, परत सरळ व्हायला हवं', आणि पंख तशी दुरुस्ती करतात. ही सवय इतकी पक्की आहे की तिच्यामुळे चिलटाला स्वतःहून वळताच येऊ नये. वळायला जावं तर मेंदूच त्याला मागे खेचणार. तरीही ते वळतं. कसं?

१९५० साली जर्मनीत एरिक फॉन होल्स्ट आणि होर्स्ट मिटेलश्टेट यांनी एक विचित्र वाटेल असा प्रयोग केला. एरिस्टॅलिस नावाच्या, मधमाशीसारख्या दिसणाऱ्या माशीचं डोकं त्यांनी मानेवर १८० अंशांत फिरवून तसंच चिकटवलं. डावा डोळा उजवीकडे आला, उजवा डावीकडे. ही माशी अंधारात नीट चालत होती. पण उभ्या पट्ट्यांच्या गोल भिंतीत, उजेडात ठेवली की पाऊल टाकताच गरागरा एकाच दिशेने फिरत राहायची, थांबता थांबत नसे.

त्यांचा निष्कर्ष असा. मेंदू स्नायूंना 'वळा' असा हुकूम देतो तेव्हा त्या हुकमाची एक प्रत स्वतःपाशी ठेवतो. डोळ्यांकडून 'जग सरकलं' ही खबर आली की ती त्या प्रतीशी ताडून बघतो. जुळली तर 'हे माझ्यामुळेच झालं' म्हणून खबर सोडून देतो. डोकं उलटं बसवल्यामुळे खबर प्रतीच्या बरोबर विरुद्ध येत होती. हिशेब जुळत नव्हता, आणि माशी दुरुस्तीवर दुरुस्ती करत फिरत राहिली.

शास्त्रात या प्रतीला एफरन्स कॉपी म्हणतात. दादाला हे सांगताना मी त्याच्याच पावतीपुस्तकाचा दाखला दिला. काट्यावर तो पावती फाडतो तेव्हा एक प्रत गाडीबरोबर जाते आणि कार्बनखालची स्थळप्रत पुस्तकात राहते. संध्याकाळी हिशेब आला की स्थळप्रतीशी लावून बघायचा. जुळला तर माल आपलाच. स्थळप्रतच नसेल तर? 'हे क्रेट कुणाचे, कुठून आले?' या लेखात मीही तिला स्थळप्रतच म्हणणार आहे.

२०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गॅबी मेमन यांच्या प्रयोगशाळेने हीच गोष्ट उडणाऱ्या चिलटाच्या मेंदूत थेट बघितली. चिलटाला बारीक दांडीला चिकटवलं, पंख मोकळे ठेवले आणि नजरेचं काम करणाऱ्या पेशींतली वीज मोजली. चिलट स्वतःहून वळायचं त्या क्षणी 'जग सरकलं' असं ओरडणाऱ्या पेशींना आतूनच गप्प केलं जात होतं. वाऱ्याने ढकलल्यासारखं दृश्य बाहेरून दाखवलं की त्याच पेशी व्यवस्थित बोलायच्या.

रातकिडा बहिरा का होत नाही, आणि स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत

ही युक्ती माशीपुरती नाही. रातकिडा ओरडतो तेव्हा त्याच्या स्वतःच्या कानाशी, म्हणजे पुढच्या पायांतल्या पडद्याशी, १०० डेसिबलच्या आसपास आवाज होतो. तरी तो बहिरा होत नाही आणि मधल्या शांततेत दुसऱ्या रातकिड्याला ऐकतोही. केंब्रिजमध्ये पूले आणि हेडविग यांनी २००६ मध्ये दाखवलं की त्याच्या शरीरातली एक विशिष्ट चेतापेशी हे काम करते. पंख घासायचा हुकूम सुटला की ही पेशी ऐकण्याच्या यंत्रणेला बरोबर तेवढ्यापुरतं दाबते.

माणसाचं उदाहरण कुणीही घरी करून बघावं. स्वतःच्या तळव्यावर बोट फिरवा, गुदगुल्या होत नाहीत. तेच बोट बहिणीचं असेल तर माणूस उड्या मारतो. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी हे यंत्राने मोजलं. मग २००० साली त्यांनी आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांवर हीच चाचणी केली. त्या रुग्णांना स्वतःच्या हाताचा स्पर्श आणि दुसऱ्याने केलेला स्पर्श जवळजवळ सारखाच वाटला. निरोगी माणसांसारखा 'हा तर माझाच हात' म्हणून तो फिका पडत नव्हता.

वर्गात शिकवायला म्हणून मी हा निकाल पहिल्यांदा वाचला, तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते. दादा मान कलती करून ऐकायचा ते डोळ्यांपुढे आलं.

मग ते आवाज कुणाचे?

आपण सगळेच दिवसभर मनात बोलत असतो. 'गॅस बंद केला का? त्याला असं म्हणायला नको होतं. मूर्ख आहेस तू.' हे बोलणंसुद्धा मेंदूच्या लेखी एक कृतीच आहे. तिचाही हुकूम निघतो, तिचीही स्थळप्रत राहायला हवी. ती राहिली की आपल्याला कळतं, हे मीच मनात म्हटलं. नाही राहिली तर 'मूर्ख आहेस तू' हे वाक्य बिनपावतीच्या क्रेटसारखं दारात येऊन पडतं. मेंदू विचारतो, हे कुणी टाकलं? आणि उत्तर शोधू लागतो: शेजारी, भूत, पोलीस, देव.

याला थोडाफार पुरावाही आहे. १९९३ मध्ये लंडनच्या एका गटाने रुग्णांना आवाज ऐकू येत असतानाच मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. बोलणं तयार करणारा ब्रोका नावाचा भाग तेव्हा जागा होता. पुढे अमेरिकेत जुडिथ फोर्ड यांनी मेंदूच्या विजेचे आलेख काढले. निरोगी माणूस बोलतो तेव्हा स्वतःच्या आवाजाला त्याचा मेंदू कमी प्रतिसाद देतो. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत ही घट कमी पडते.

इथे कुणीही विचारेल, चिलटाच्या मेंदूत जेमतेम १ लाख ४० हजार चेतापेशी आणि माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी, मग एकावरून दुसऱ्याचं कसं ठरवायचं? प्रश्न रास्त आहे. चिलटाने आजार सिद्ध होत नाही. चिलटामुळे कळतं ते इतकंच की 'माझं' आणि 'बाहेरचं' वेगळं करणारं यंत्र प्राण्यांत फार जुनं आहे आणि त्याचे भाग मोजता येतात. आवाज मनातलेच असतील तर ते दुसऱ्याच्या स्वरात का येतात, सगळेच विचार आवाज का होत नाहीत, हे या एका कल्पनेने सुटत नाही. म्हणून शास्त्रज्ञ तिच्याकडे चित्राचा एक तुकडा म्हणून बघतात. पण आमच्या घरात या तुकड्यानेही फार फरक पडला. 'कशाला नाटकं करतोस' हे वाक्य त्यानंतर घरात कुणी उच्चारलं नाही.

दादाने हे सगळं ऐकून घेतलं आणि नेमका प्रश्न विचारला. "मग माझी गोळी ती स्थळप्रत परत आणते का?"

नाही. गोळीचं काम दुसरीकडेच चालतं.

गोळी काय करते: सर्पगंधा, ससे आणि कुंभातला भोंगा

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडचाच आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेड, निद्रानाश यांवर पिढ्यान्‌पिढ्या दिली जायची. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचे रक्तदाबावरचे आणि मानसिक आजारावरचे गुण वैद्यकीय नियतकालिकात मांडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातला रेसर्पीन हा घटक वेगळा काढला गेला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये देले आणि देनिकेर हे दोघे डॉक्टर क्लोरप्रोमाझीन हे औषध सायकोसिसच्या रुग्णांना देऊ लागले. मुळात ते शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीला जोड म्हणून वापरलं जात होतं. रुग्ण शांत झाले, नीट बोलू लागले. का, ते कुणालाच कळेना.

स्वीडनमध्ये आर्विद कार्ल्सन यांनी सशांना रेसर्पीन दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना डोपामीन तयार होण्याचा कच्चा माल, एल-डोपा, टोचला. थोड्याच वेळात कान टवकारले आणि ससे हिंडू लागले. साल १९५७. डोपामीन हा मेंदूतला स्वतंत्र निरोप्या आहे हे या कामातून पुढे आलं आणि २००० मध्ये कार्ल्सन यांना नोबेल मिळालं. सत्तरच्या दशकात कळलं की सायकोसिसची औषधं पेशींवरच्या एका विशिष्ट जागी जाऊन बसतात आणि डोपामीनला तिथे बसू देत नाहीत. त्या जागेला डी-२ म्हणतात.

पण डोपामीन अडवल्याने भ्रम का विरावा? सगळ्यात पटणारं उत्तर मला शितिज कपूर यांच्या २००३ सालच्या लेखात सापडलं. हे भारतात जन्मलेले, दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेले मानसोपचारतज्ज्ञ. ते म्हणतात, एखाद्या गोष्टीवर 'हे महत्त्वाचं' असा शिक्का मारणं हे डोपामीनचं काम.

सिंहस्थात रामकुंडावर गेलेला माणूस आठवा. हरवले-सापडलेचा भोंगा अखंड चालू असतो, शेकडो नावं घेतली जातात आणि एकही कानात शिरत नाही. तुमचं नाव आलं की मात्र काळजात धस्स होतं. आता कल्पना करा, प्रत्येक घोषणेला तसंच धस्स होतंय. गाडीचा हॉर्न, शेजाऱ्याची खाकर, वर्तमानपत्राचा मथळा, सगळ्यावर तुमचं नाव. अशा माणसाने 'हे सगळं माझ्याविरुद्ध रचलेलं आहे' असं ठरवलं तर नवल काय? भ्रम म्हणजे त्या धस्स होण्याचा त्याने आपल्या परीने लावलेला अर्थ.

गोळी भोंगा बंद करत नाही. ती धस्स होणं कमी करते. म्हणून पुष्कळ रुग्ण म्हणतात, 'आवाज येतो, पण आता त्याचं काही वाटत नाही.' आणि म्हणूनच गोळीचा पूर्ण गुण यायला आठवडे लागतात. शिक्का मारणं थांबलं तरी आधी रचलेला अर्थ हळूहळूच सुटतो.

मात्रेचं गणितही मोजलेलं आहे. कपूर यांनीच मेंदूच्या छायाचित्रांवरून दाखवलं की डी-२ च्या सुमारे ६५ टक्के जागा अडल्या की गुण येतो, आणि ७८ टक्क्यांपलीकडे गेलं की हातपाय ताठणं, थरथर सुरू होते. बागाईतदाराला हे वेगळं सांगायला नको. फवारा कमी पडला तर डावणी ही द्राक्षावरची बुरशी हटत नाही, जास्त झाला तर पानं जळतात. मात्रा बदलायची ती डॉक्टरांनीच.

"झोपेच्या गोळ्या देऊन गप्प बसवतात"

हे मी मोहाडीपासून गंगापूर रोडपर्यंत सगळीकडे ऐकलंय. सायकोसिसची औषधं झोपेची नाहीत आणि त्यांचं व्यसन लागत नाही. काहींनी झोप येते, हे खरं. वजन वाढतं, साखर वाढू शकते, तोंड कोरडं पडतं, चेहरा निर्विकार दिसतो, हेही खरं. फार वर्षांच्या वापराने तोंडाच्या नकळत हालचाली सुरू होऊ शकतात. दादाचं वजन पहिल्या वर्षात चौदा किलोंनी वाढलं. 'याला नुसता फुगवलाय' असं भावकीतले लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे. तेव्हा डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घेता येतं, हे आम्हाला दोन वर्षं कुणी सांगितलंच नाही. साध्या कागदावर तक्रारी लिहून न्या: झोप, वजन, पाळी, लैंगिक अडचण, हातांची थरथर. लाजेपोटी न सांगितलेल्या त्रासामुळेच गोळ्या गुपचूप बेसिनमध्ये जातात.

दोन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ घेऊनही गुण न येणारे रुग्ण साधारण एक तृतीयांश असतात. त्यांच्यासाठी क्लोझापीन आहे. अशा हट्टी आजारात ते इतरांहून सरस ठरतं, हे १९८८ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीने दाखवलं. शंभरात एखाद्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी त्याने धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. ही कटकट आहे. पण जिथे बाकी सगळं हरलंय तिथे ती सोसण्यासारखी आहे.

"आता बरं आहे ना, मग गोळ्या कशाला?"

आमच्या घरातली सगळ्यात महागडी चूक हीच. उपचारांच्या पहिल्या आठ महिन्यांत दादा इतका सावरला की ऑक्टोबर छाटणीला स्वतः मजूर लावले, हिशेब ठेवला. सगळ्यांनी मिळून ठरवलं, पुरे झालं औषध. मणी लागायच्या सुमाराला तो रात्री बागेत कंदील घेऊन फिरताना सापडला. दुसरा झटका पहिल्यापेक्षा जड गेला.

२०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्र हिशेब छापून आला. आजार स्थिरावलेल्या रुग्णांपैकी औषध चालू ठेवलेल्यांत वर्षभरात २७ टक्क्यांचा आजार उलटला. ज्यांना औषधाऐवजी बिनऔषधाची गोळी दिली त्यांच्यात ६४ टक्क्यांचा. दोन्ही आकडे नीट बघा. औषध घेऊनही काहींचा उलटतो, आणि न घेता काहींचा उलटत नाही. म्हणून पहिल्याच झटक्यानंतर सगळ्यांना जन्मभर गोळ्या, असंही नाही. काहींची मात्रा डॉक्टर एक-दोन वर्षांनी अगदी हळूहळू उतरवून बघतात. एका सकाळी ठरवून डबा बंद करणं ही वेगळी गोष्ट. रोज गोळी लक्षात राहत नसेल तर महिन्याने घ्यायचं इंजेक्शन मिळतं.

"आधी बाहेरचं बघून घेऊ, मग डॉक्टर"

आम्ही आधी बाहेरचंच बघितलं. कुठे कुठे गेलो ते लिहीत नाही. दीड वर्ष गेलं आणि एका ठिकाणी दादाच्या पाठीवर वळ उठले. देवाला जाण्याला माझा विरोध नाही. मावशी आजही चैत्रात वणीला गडावर जाते, दादाही जातो. सांगायचं ते इतकंच की गोळी घेऊन गडावर जाता येतं. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, साखळीने बांधणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनोरुग्णाला साखळदंडात ठेवायला बंदी केली आहे.

उशीर नुसता वेळ खात नाही. आजार बिनउपचाराचा जितका लांबतो तितकं नंतरचं सावरणं अवघड जातं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. नॉर्वेत स्टाव्हांगरच्या भागात तिथल्या आरोग्यसेवेने रेडिओवर, वर्तमानपत्रांत लक्षणांच्या जाहिराती केल्या, शाळांना सांगितलं, थेट फोन करता येईल असं पथक ठेवलं. लक्षणं सुरू झाल्यापासून उपचारांपर्यंतचा काळ तिथे साधारण ५ आठवड्यांवर आला. जिथे अशी मोहीम नव्हती तिथे तो १६ आठवडे होता. दहा वर्षांनी तपासलं तेव्हाही लवकर सापडलेल्या गटात बरे होऊन कामाला लागलेले जास्त होते.

'एकदा लग्न करून द्या, ताळ्यावर येईल' यावर मी एकच वाक्य लिहीन: समोरच्या मुलीला न सांगता केलेलं असं लग्न दोन आयुष्यं मोडतं.

नव्या औषधाचं काय, मावशी?

हे औषध झॅनोमेलीन आणि ट्रॉस्पियम या दोन द्रव्यांची जोडी आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला २६ सप्टेंबर २०२४ रोजी मान्यता दिली. १९५२ पासूनची जवळजवळ सगळी औषधं कमी-अधिक फरकाने डी-२ ची जागा अडवतात. हे औषध त्या जागेला हातच लावत नाही. ते अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या दुसऱ्या निरोप्याच्या जागा चेतवतं, आणि त्यातून डोपामीनचा जोर मागच्या दाराने उतरतो. म्हणून थरथर, ताठरपणा आणि वजनवाढ कमी दिसते.

गंमत अशी की झॅनोमेलीनच्या रेणूची बांधणी अ‍ॅरेकोलीनवरून सुचलेली आहे, आणि अ‍ॅरेकोलीन म्हणजे आपल्या सुपारीतला घटक. (म्हणून कुणी रुग्णाला सुपारी चघळायला देऊ नये. ती तोंडाच्या कर्करोगाला थेट आमंत्रण देते आणि तिच्यात मात्रेचा पत्ता नसतो.) नव्वदच्या दशकात झॅनोमेलीन स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना देऊन बघितलं होतं. भास कमी झाले, पण उलट्या-मळमळीने लोक बेजार झाले आणि ते बाजूला पडलं. पुढे कुणालातरी सुचलं, त्याच्याबरोबर ट्रॉस्पियम द्यावं. हे मूत्राशयाच्या तक्रारींवरचं जुनं औषध मेंदूत फारसं शिरत नाही. त्यामुळे ते पोटातला त्रास अडवतं आणि मेंदूतला गुण तसाच राहू देतं.

आता मर्यादा. मान्यता मिळाली ती पाच आठवड्यांच्या चाचण्यांवर. मळमळ, बद्धकोष्ठता अजून होतेच. २०२५ मध्ये चालू औषधाला जोड म्हणून ते देऊन बघितलं, तेव्हा ठरवलेल्या कसोटीवर ते स्पष्टपणे उतरलं नाही. त्याच वाटेने जाणारं दुसऱ्या कंपनीचं औषध २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये चाचणीत पडलं. अमेरिकेत २०२४ मध्ये बाजारात आलं तेव्हा किंमत महिन्याला सुमारे १,८५० डॉलर होती. तेव्हा मावशी, दादाचं चालू औषध त्याला लागू पडलंय. बातमी वाचून ते बदलायचं नाही. बातमी खरी आहे, दुसरं दार उघडलंय, आणि ज्यांना पहिल्या दाराने काहीच मिळालं नाही त्यांच्यासाठी ती फार मोठी गोष्ट आहे.

गोळीशिवायचं अर्धं काम

आपल्याकडे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणायची चांगली पद्धत पडली आहे. शुभंकराचं काम गोळ्या मोजण्यापुरतं नाही. ब्रिटनचे ज्युलियन लेफ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की घरात सतत टोमणे, तक्रारी किंवा उरावर बसणारी काळजी असेल तर आजार लवकर उलटतो. चंडीगडमध्ये त्यांनी हेच तपासलं. तिथल्या घरांत टोमणे लंडनपेक्षा कमी होते आणि आजार उलटण्याचं प्रमाणही.

२०१४ मध्ये तमिळनाडू, गोवा आणि आपल्या साताऱ्यात मिळून २८२ रुग्णांवर एक चाचणी झाली. दवाखान्यातल्या उपचारांना गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या घरभेटींची जोड दिली. ज्यांच्याकडे कार्यकर्ते जात होते त्यांची लक्षणं थोडी जास्त कमी झाली, रोजची कामं थोडी जास्त जमू लागली. फरक मोठा नव्हता, पण तो घडवणारी माणसं डॉक्टर नव्हती.

मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुर्मन यांनी कॅलिफोर्निया, घानातलं आक्रा आणि चेन्नई इथे प्रत्येकी वीस रुग्णांना विचारलं, आवाज काय म्हणतात? अमेरिकेतले आवाज बहुतेक हिंसक, अनोळखी. चेन्नईत निम्म्याहून जास्त जणांना नातेवाइकांचे आवाज ऐकू येत: आंघोळ कर, भाजी आण, असं वागू नको. यंत्रातला बिघाड एकच असला तरी त्यातून काय ऐकू येतं ते घर आणि गाव ठरवतं, असं मला यावरून वाटतं. आवाजांशी बोलायला शिकवणारे उपचारही आलेत. लंडनमध्ये संगणकावर त्या आवाजाला चेहरा देऊन, थेरपिस्टच्या मदतीने त्याला ठामपणे उत्तर द्यायला शिकवतात.

नाशिककरांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. 'ठाण्याच्या-येरवड्याच्या मनोरुग्णालयात नेऊन टाकतील' या भीतीने लोक लपवतात. बहुतेक रुग्णांना भरती करावंच लागत नाही. बाह्यरुग्ण विभागातून औषध घेऊन ते घरीच राहतात. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर २४ तास, फुकट, मराठीतून बोलते. तरुण मुलगा किंवा मुलगी महिनाभर झोपत नाही, खोली सोडत नाही, एकटंच बोलतं, घरच्यांवर संशय घेतं, असं दिसलं तर तो फोन त्याच दिवशी करा.

आवाज येत असताना माणसाशी बोलायचं कसं, हे आम्हाला दादानेच शिकवलं. 'कुठे आहे आवाज, काही नाहीये' म्हटलं की तो एकटा पडतो. 'हो, मलाही येतो' म्हणणं हे खोटं. मधलं वाक्य मावशीला सापडायला बरीच वर्षं लागली. परवा शेडमध्ये चहा घेऊन आली तेव्हा तिने नेहमीच्या सुरात विचारलं, "आज बोलणारे आले होते का रे?"

दादाने पावती फाडली, ड्रायव्हरच्या हातात दिली. "दुपारी आले होते. काटा चालू होता, मी लक्ष नाही दिलं."